सगळ्यात कमी किल असलेल्याला टीममधून काढायचं का?

भांडुप_कॉलर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण पूर्ण वाचून मग उत्तर द्या ही विनंती. रविवारपर्यंत मला ठरवायचंय आणि दोन रात्री याच विचारात गेल्यात.

आम्ही पाच जण सीएस२, म्हणजे काउंटर स्ट्राइक २ हा पाच विरुद्ध पाच बंदुकांचा गेम, खेळतो. चौघं भांडुप पश्चिमेला एकाच कॉलनीतले, पाचवा स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये कामाला. दुकानाचं शटर रात्री दहाला पडतं, जेवून तो पावणेअकराला ऑनलाइन येतो, म्हणून आमची प्रॅक्टिस पावणेअकराला. दोन वर्षं हेच चाललंय. कॉल मी करतो, म्हणजे राउंडला काय करायचं ते सांगणारा आयजीएल मी. ऑप, म्हणजे लांबून मारायची महागडी बंदूक, माझ्या मावसभावाकडे. पुढच्या महिन्यात दादरला एका गेमिंग कॅफेत स्पर्धा आहे, आम्ही पहिल्यांदाच नाव दिलंय.

प्रश्न या पाचव्याचा आहे. स्कोअरबोर्डवर तो कायम तळाला. नऊ किल, सतरा डेथ. आठ किल, सोळा डेथ. चांगला दिवस असला तर बारा. वय एकतीस, आमच्यात सगळ्यात मोठा. आता मुलुंडचा एक एकोणीस वर्षांचा पोरगा आमच्याकडून खेळायला तयार आहे. त्याचं प्रीमियर रेटिंग (गेममधल्या क्रमवारीच्या मॅचचं) एकवीस हजारांच्या वर, आम्ही अकरा ते तेरा हजारांत घुटमळतोय. बाकी तिघांचं म्हणणं एकच: याला घे, त्याला बसव. मावसभाऊ तर म्हणाला, "दादा, मैत्री वेगळी, मॅच वेगळी."

म्हणून गेल्या आठवड्यात तीन रात्री पाचव्याला सुट्टी देऊन मुलुंडच्या पोराला खेळवलं. पहिली मॅच आम्ही १३-४ ने मारली. असा एम, म्हणजे नेम, मी जवळून कधी पाहिला नव्हता. कोपऱ्यावरून वळतानाच त्याचा क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनवरचं नेमाचं चिन्ह, समोरच्याच्या डोक्याच्या उंचीवर असतो, त्याला माऊस हलवावाच लागत नाही. पण त्यानंतरच्या पाचपैकी चार मॅच हरलो. आणि त्या चारही मॅचमध्ये तो स्कोअरबोर्डवर पहिला होता.

एक राउंड सांगतो, तो डोक्यातून जातच नाहीये. मिराज मॅप, आम्ही टी साइडला, म्हणजे साइटवर बॉम्ब लावणारे, स्कोअर ९-९, सगळ्यांकडे फुल बाय, म्हणजे पूर्ण शस्त्रं. माझा कॉल असा: ए साइटवर जायचं, आधी तीन स्मोक, म्हणजे धुराचे ग्रेनेड, स्टेअर्स, जंगल आणि सीटी या मॅपवरच्या तीन जागांवर एकेक. तिन्ही फुलले की तिघं रॅम्पवरून आणि दोघं पॅलेसमधून एकदम बाहेर. पोरगा पॅलेसमध्ये, बॉम्ब त्याच्याच पाठीवर. आम्ही अजून स्मोकसाठी भिंतीला चिकटून नेम लावतोय, तेवढ्यात त्याला पाय वाजल्यासारखं वाटलं आणि तो बाहेर पडला. एक मारला. लगेच दुसरा मारला. तिसऱ्याने त्याला जंगलमधून उडवलं. हिशोबाने आम्ही चार, ते तीन, म्हणजे वरचढ. पण बॉम्ब पॅलेसच्या तोंडाशी उघड्यावर पडला, जंगलवाल्याच्या थेट नजरेत. आमचे स्मोक त्यानंतर फुलले, तोवर त्यांचे बी साइटवरचे दोघं धावत येऊन पोचले होते. बॉम्ब उचलायला आमचा एक गेला, मेला. दुसरा गेला, मेला. राउंड गेला. त्या राउंडला स्कोअरबोर्डवर त्याच्या नावापुढे दोन किल वाढले आणि आमच्या खात्यात काही नाही. ती मॅच १०-१३ हरलो, त्याचे किल २४.

पोरगा वाईट नाही हो. आदराने बोलतो, शिव्या देत नाही, चूक दाखवली की ऐकून घेतो. त्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाहीये. मला एवढंच कळत नाहीये की मला जे वाटतंय ते खरंच आहे, की पाचव्याशी असलेल्या मैत्रीमुळे वाटतंय. मला मिराजचे सगळे स्मोक त्याने शिकवलेत. मेडिकलमधून फोन करून सांगायचा, "अँटेनाच्या टोकाला नेम लाव, उडी मारून सोड." असा माणूस काढताना हात थरथरणारच. पण ती थरथर टीमसाठी आहे का माझ्यासाठी, ते मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय.

कोणी असा निर्णय घेतलाय का? कशावर घेतला? किल सोडून माणूस मोजायचा कसा?


शिवाजीपार्क_मिड

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. काढ.

टीमवर्क टीमवर्क करणारे बरेच जण मी बघितलेत, त्यातल्या निम्म्यांना समोरासमोर उभा असलेला माणूस मारता येत नाही. फ्लॅश उत्तम टाकला, समोरचा आंधळा झाला, आता त्याला गोळी कोण घालणार? ट्रेड करायचा म्हणजे काय, तर पुढचा मेला की मागच्याने दोन सेकंदांत बाहेर पडून बदला घ्यायचा. त्यालाही एमच लागतो. म्हणजे टीमवर्कचं नाणं वाजवायला खिशात आधी एम असावा लागतो. अकरा हजार रेटिंगला निम्म्याहून जास्त राउंड कोण आधी गोळी लावतो यावर ठरतात, तिथे स्मोकच्या अभ्यासाने काय फरक पडणार?

आणि वरच्या पातळीवरही तेच. २०२३ ला पॅरिसचा मेजर, म्हणजे सगळ्यात मोठी स्पर्धा, व्हिटॅलिटी टीमने घेतला, सीएसगो या आधीच्या गेमचा शेवटचा मेजर. त्यांचा स्टार झायवू काढून टाक त्या टीममधून आणि मग सांग घेतला असता का.

मुलुंडचा पोरगा एकोणीसचा आहे, त्याला थांबायला शिकवता येईल. तुझ्या पाचव्याला एकतिसाव्या वर्षी एम शिकवता येणार नाही. एन्ट्री फी पाचही जण भरणार आहेत ना? मग पाचांचा विचार कर, एकाचा नको.


भांडुप_कॉलर

राग कसला, याच भीतीने तर विचारलं. ट्रेडला एम लागतो हे मान्य. आमचा पाचवा लांबच्या अंतरावर कच्चाच आहे, ते नाकारत नाही. पण "थांबायला शिकवता येईल" हे मला वाटतं तितकं सोपं नाही. तीन रात्री मी तेच सांगत होतो. त्याला कळतं, पटतं, पण पाय वाजले की बोट आधी जातं. हजारो मॅच अनोळखी लोकांबरोबर खेळून त्याला ही सवय लागलीये की मागून कोणी येणारच नाही, जे करायचं ते आपणच. त्याच्या जागी मी असतो तर मीही असाच झालो असतो.


लॅमिंग्टन_जुना

कॉलर, मी एकेचाळीसचा आहे. काउंटर स्ट्राइक १.६ आम्ही ग्रँट रोडच्या एका सायबर कॅफेत खेळायचो, आठ मशीन, एक एसी, आणि हेडफोन म्हणजे लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर मिळतील ते. आता हात मंद झालेत, पण मॅच बघायची एक सोडत नाही. म्हणून थोडं लिहितो.

शिवाजीपार्कने झायवूचं नाव घेतलं, बरोबर घेतलं. मी सिंपलचं घेतो. सिंपल हा खेळाडू २०१६ च्या ऑगस्टमध्ये नावी या टीममध्ये आला. २०१८ मध्ये एचएलटीव्ही या सीएसच्या वेबसाइटने त्याला जगात पहिला ठरवलं, आणि त्याच वर्षी लंडनच्या मेजरच्या फायनलला नावी ॲस्ट्रॅलिसकडून २-० हरली. तेव्हा ॲस्ट्रॅलिसची ओळख काय होती? ग्रेनेड. कोणता स्मोक कधी, कोणाच्या फ्लॅशवर कोण बाहेर पडणार, हे त्यांनी इतकं घोटलं होतं की समोरच्याला बंदूक रोखायला माणूसच दिसायचा नाही. चार मेजर आहेत त्यांच्याकडे, २०१७ चा एक, २०१८ चा एक आणि २०१९ चे दोन. सिंपलला पहिला मेजर मिळायला २०२१ चं स्टॉकहोम उजाडलं, आणि तेव्हा नावी एकही मॅप न हरता जिंकली. सिंपल तर २०१८ लाही सिंपलच होता. मधल्या काळात बदलली ती त्याच्या भोवतीची टीम.

आता पुढचं ऐका. २०२४ च्या मार्चमध्ये कोपनहेगनचा मेजर पुन्हा नावीने घेतला, फायनलला फेझला २-१ ने हरवून. त्या टीममध्ये सिंपल नव्हता. कॉल अलेक्सिब करत होता आणि किलच्या यादीत त्याला वरून शोधत बसू नका, खालून शोधा.

माझे वडील लालबागला कबड्डी खेळायचे, मातीवर, रात्री बल्ब लावून. डावा कोपरा. घोटा धरला की सोडायचे नाहीत. लहान असताना मला वाटायचं पकड म्हणजे बाबांचीच. एकदा त्यांनी मला रेषेबाहेर बसवलं आणि म्हणाले, आज माझ्याकडे बघू नकोस, माझ्या शेजारच्याकडे बघ. मी बघितलं. चढाईवाला आत आला की शेजारचा अर्धं पाऊल पुढे सरकायचा, हात पसरायचा, बस. अंगाला हातही लावायचा नाही. पण त्याच्या त्या अर्ध्या पावलामुळे चढाईवाल्याला आत वळायची वाट राहायची नाही, तो बाबांच्या बाजूला सरकायचा आणि बाबा घोटा धरायचे. गुण बाबांच्या नावावर. शेजारच्याच्या नावावर काहीच नाही. एकदा तो आजारी पडला, त्याच्या जागी चांगला धिप्पाड गडी घेतला, आणि त्या सामन्यात बाबांना एकही पकड मिळाली नाही.

तुझा पाचवा ते अर्धं पाऊल आहे की नुसता मैदानावर उभा आहे, हे मला इथून दिसत नाही. ते तुला डेमोत, म्हणजे मॅचच्या रेकॉर्डिंगमध्ये, दिसेल. मुलुंडच्या पोराबरोबर हरलेले डेमो बघू नकोस, त्यात राग येईल. पाचव्याबरोबर जिंकलेले बघ. आणि स्वतःच्या नजरेने बघू नकोस, त्याच्या नजरेने बघ, राउंड सुरू झाल्यापासून तो मरेपर्यंत.


कुर्ला_सोलो

थोडक्यात एकच मुद्दा. त्या एकवीस हजारांना फार भुलू नकोस. हे सगळे रेटिंग एलो पद्धतीच्या वंशातले, आणि आर्पाद एलोने ती बुद्धिबळासाठी बनवली होती, जिथे समोरासमोर दोघंच असतात. प्रीमियरमध्ये रेटिंग टीम जिंकली की वाढतं, हरली की घटतं. तो सोलो खेळून तिथे पोचला असेल तर अनोळखी चौघांत जिंकायची कला त्याला नक्की येते. तुम्हा ओळखीच्या चौघांत तीच कला चालेल असं नाही. मी स्वतः सोलोवालाच आहे, बीजीएमआय या मोबाइल गेमपासून. आमचं डोकं खरंच वेगळं चालतं. स्क्वॉडमधला नॉक झाला, म्हणजे जखमी होऊन पडला, की माझं पहिलं लक्ष त्याला रिव्हाइव्ह करण्याकडे, म्हणजे उठवण्याकडे, जात नाही, मारणारा कुठे आहे तिकडे जातं.


गोरेगाव_पोझिशन५

मी डोटा हा पाच विरुद्ध पाचचा दुसरा गेम खेळते, सीएस फारसं नाही, पण आठ वर्षं सपोर्ट, म्हणजे बाकीच्यांना सांभाळणारी जागा, खेळतेय म्हणून बोलायचा अधिकार घेते.

आमच्याकडे हा प्रश्न खेळायच्या रीतीतच सोडवलेला आहे. पाच जागा, एक ते पाच. मॅपवरचं सोनं आधी पहिल्याला, मग दुसऱ्याला, आणि पाचव्याला उरलंसुरलं. पाचवा वॉर्ड लावतो, म्हणजे अंधाऱ्या मॅपवर टीमला डोळे देतो. लेनमध्ये कॅरीच्या, म्हणजे पहिल्याच्या, वाटचा मार खातो. सगळे निघून जावेत म्हणून कधी कधी मुद्दाम मागे राहून मरतो. त्यामुळे पाचव्याचे किल कमी आणि डेथ जास्त असल्या तर आमच्याकडे कोणी भुवई उंचावत नाही. ओजी टीमने २०१८ आणि २०१९ असं लागोपाठ दोनदा इंटरनॅशनल, म्हणजे डोटाची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकलं, तोपर्यंत कोणालाच ते दोनदा जमलं नव्हतं. त्यांचा कॅप्टन नोटेल पाच नंबर खेळत होता.

एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोमला ईएसएल वन ही डोटाची स्पर्धा झाली तेव्हा मी गेले होते. तिथली एक गोष्ट मनात राहिलीये. कोणी तीन जणांना मारलं की अख्खा डोम उभा राहायचा. पण त्याच्या आधी वीस सेकंद कोणीतरी जंगलात एक वॉर्ड लावून गेलेला असायचा, आणि तेव्हा माझ्या रांगेत फक्त मी आणि माझी मैत्रीण ओरडायचो. आजूबाजूचे वळून बघायचे, या कशाला ओरडतायत म्हणून.

आता तुझा प्रश्न. "किल सोडून मोजायचं कसं" याला माझं उत्तर असं: तीन गोष्टी वहीत लिही. तो मेल्यावर चार-पाच सेकंदांत त्याला मारणारा मेला का? मेला असेल तर ती डेथ फुकट नव्हती. एचएलटीव्हीवाले जो केएएसटी आकडा देतात त्यात हेच धरतात, किल, असिस्ट म्हणजे किलला मदत, जिवंत राहणं, किंवा मेल्यावर ट्रेड होणं, यातलं काही एक घडलेले राउंड. दुसरं, त्याच्या फ्लॅशवर दुसऱ्या कोणी किल घेतला का? इथे सावध राहा. समोरचा आंधळा झाला आणि मेला तर गेम फ्लॅश टाकणाऱ्याला असिस्ट देतो. पण समोरच्याने फ्लॅश बघून मान फिरवली, आणि मान फिरवलेली असताना मेला, तर गेमच्या लेखी फ्लॅशने काहीच केलं नाही. तेसुद्धा तू मोज. तिसरं, त्याच्या हातात काय होतं? म्हणजे बंदूक. आमच्याकडे सोनं कोणाला गेलं हे सगळ्यांना आकड्यात दिसतं. तुमच्याकडे पैसा कोणाचा कोणाकडे जातो हे बघायची सवय लोकांना नसते असं माझ्या भावाकडे बघून वाटतं.

आणि एक. तो बोलतो का? व्हॉइसवर अनोळखी लोकांत बाई म्हणून मला जे ऐकावं लागतं त्यामुळे कित्येक वर्षं मी माइक बंदच ठेवला. टीम मिळाली तेव्हा पहिल्यांदा चालू केला, आणि त्या आठवड्यापासून आम्ही जिंकायला लागलो. माझा हात तोच होता, माहिती वेळेवर पोचायला लागली एवढंच. ज्याचा आवाज टीमला ऐकायची सवय झालीये, त्याला काढताना तो आवाजही जातो हे लक्षात ठेव.


शिवाजीपार्क_मिड

ताईंचा तिसरा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. कॉलर, ते नक्की बघ. पण मोजताना प्रामाणिक राहा. फ्लॅश चुकीचे पडले, आपल्याच पोरांच्या डोळ्यांवर पडले, तेही लिही.


भांडुप_कॉलर

मंडळी, काल रविवार. सकाळी नऊला बसलो ते दीडपर्यंत. पाचव्याबरोबरचे पाच डेमो, त्यातले तीन जिंकलेले आणि दोन हरलेले, सगळे त्याच्या नजरेतून, राउंड एक ते शेवट. वही शेजारी. आईने दोनदा जेवायला हाक मारली तेव्हा कुठे उठलो.

ट्रेडचं आधी सांगतो. तो मेल्यावर बहुतेक वेळा त्याला मारणारा लगेच मेलाय. म्हणजे तो एकटा कुठे जातच नाही. त्याच्या मागे नेहमी कोणीतरी असतं, आणि बहुतेकदा तो मावसभाऊ असतो. मावसभावाला मी हे दाखवलं तेव्हा तो पाच मिनिटं काही बोलला नाही.

फ्लॅशचं ताई म्हणाल्या तसंच निघालं. मान फिरवलेल्या माणसांवर घेतलेले किल मोजून मी थक्क झालो. एका राउंडला तर पाचव्याने रॅम्पच्या मागे उभं राहून, समोर काही दिसत नसताना, छतावरून फ्लॅश टाकला आणि व्हॉइसवर म्हणाला, "एक... दोन... जा." मावसभाऊ बाहेर पडला, साइटवरचे दोघं पाठमोरे, दोन गोळ्या, दोन किल. पाचव्याच्या नावापुढे शून्य, असिस्टही नाही. ती मॅच मी स्वतः खेळलो होतो, आणि मॅच संपल्यावर मीच मावसभावाला म्हणालो होतो, काय खेळलास रे. हे सगळं वहीत लिहून काढताना मला वाईट वाटलं.

शिवाजीपार्क, तू सांगितलंस तसं उलटंही लिहिलंय. चार फ्लॅश आमच्याच डोळ्यांवर. हातात एके रायफल असताना लांबून सरळ उभा माणूस चुकवला, तेही तीनदा. ते खरं आहे.

पण खरी गोष्ट तिसऱ्या रकान्यात होती. ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

समजा एखाद्या राउंडला शस्त्रं घ्यायच्या गेममधल्या खात्यात ४८०० आहेत. एके २७००, हेल्मेटसकट चिलखत १०००, एक स्मोक ३००, दोन फ्लॅश ४००, आगीचा मोलोटोव्ह ४००. बरोबर ४८००, फुल बाय. आता त्यातून दुसऱ्याला एके ड्रॉप केली, म्हणजे घेऊन दिली, तर उरले २१००. त्यात काय येतं? हेल्मेट नसलेलं साधं चिलखत ६५०, मॅक-१० ची १०५०, आणि दोन फ्लॅश ४००. झाले २१००. पाचही डेमोंत पुन्हा पुन्हा पाचव्याच्या हातात नेमकं हेच. साधं चिलखत, मॅक-१०, दोन फ्लॅश. रायफलवाल्या, ऑपवाल्या माणसांसमोर डोक्यावर हेल्मेट नाही आणि हातात जवळून चालणारी बंदूक. एका मॅचमध्ये चोवीसपैकी नऊ राउंड तो असाच खेळलाय.

त्याची एके कोणाकडे गेली? मावसभावाकडे. कारण ऑप ४७५० ची, आणि ऑपने किल घेतला की १०० च मिळतात जिथे एकेला ३०० मिळतात. ऑप घेऊन मेलं की माणूस पुढच्या राउंडला कंगाल. मग व्हॉइसवर आवाज येतो, "याला ड्रॉप दे रे कोणीतरी." तो आवाज माझा आहे. पाचही डेमोंत माझाच. आणि पाचवा एकदाही "का" म्हणालेला नाही. मॅक-१० घेतो आणि सगळ्यात पुढे जातो, कारण जवळ गेल्याशिवाय ती बंदूक चालत नाही. पुढे जातो म्हणून आधी मरतो. सतरा डेथ कुठून येतात ते मला काल कळलं. दोन वर्षं मी त्याचा खिसा रिकामा करत होतो आणि मग त्याच्या ताटात काय आहे ते बघून त्याला कमी लेखत होतो.

लॅमिंग्टनदादा, तुमच्या वडिलांच्या शेजारच्याची गोष्ट मी काल रात्री टीमच्या कॉलवर सगळ्यांना वाचून दाखवली. पाचवा होता. वाचून झाल्यावर मी ड्रॉपचा हिशोब सांगितला आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "अरे, मला माहीत होतं ना. त्याच्या हातात एके जास्त चालते." मी म्हटलं, तुझ्या हातात किती चालते ते आपण कुणी बघितलंच नाहीये. त्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला की लांबचं त्याला जमत नाही, आणि रोज दुकानात जायच्या आधी अर्धा तास डेथमॅच, म्हणजे नुसता मारामारीचा सराव, करायची तयारी आहे. शिवाजीपार्क, तू एकतिसाव्या वर्षी जमणार नाही म्हणालास. कदाचित हेडशॉटची बरसात जमणार नाही. पण सरळ उभा माणूस तरी चुकू नये, एवढं जमायला हवं.

निर्णय असा घेतलाय. स्पर्धेला आम्ही आहे तेच पाच जाणार. मुलुंडच्या पोराला फोन केला, खोटं काही सांगितलं नाही, मिराजचा तो राउंड डेमोत एकत्र बसून बघितला. त्याने तीनदा मागे घेऊन बघितला. मग म्हणाला, "दादा, मी थांबलो असतो तरी तुम्ही आला असता याची मला खात्रीच नव्हती." सोलोवाले कुर्ला बरोबर बोलले होते. तो मंगळवार-गुरुवार आमच्याबरोबर प्रॅक्टिसला येणार आहे, सहावा म्हणून. स्पर्धेच्या नियमांत एक राखीव चालतो, त्याचं नाव टाकलंय. आमच्या पोरांना क्रॉसहेअर कुठे ठेवायचा ते तो शिकवेल असं ठरलंय, आणि त्याला स्मोक पाचवा शिकवणार आहे.

ड्रॉपचा नियमही बदललाय. ऑप घेऊन मेलं तर पुढच्या राउंडला मावसभावाने स्वतःच्या पैशात जे बसेल ते घ्यायचं, नाहीतर सगळ्यांनी मिळून सेव्ह करायचं, म्हणजे पैसे वाचवायचे. त्याने आधी तोंड पाडलं, पण ट्रेडची वही बघितल्यापासून तो वाद घालत नाहीये. ऑप घेऊन आधीसारखा बाहेर डोकावतही नाही.

काल रात्रीच दोन मॅच खेळलो. एक हरलो ११-१३, एक जिंकलो १३-९. दुसरीत पाचव्याचे चौदा किल होते, पण खरं सांगायचं तर आता मी तो आकडा बघून काही ठरवत नाही. त्यात बी साइटचा एक राउंड आहे, अपार्टमेंटमधून, पाचव्याकडे एके, आणि फ्लॅश मावसभावाने टाकलाय. फ्लॅश जरा उशिरा फुटतोय आणि पाचवा त्याआधीच पाऊल टाकतोय असं मला वाटतं, पण नक्की कोण घाई करतोय ते ठरवता येत नाहीये. डेमो आज रात्री इथे टाकतो. लॅमिंग्टनदादा, ताई, शिवाजीपार्क, ज्यांना वेळ असेल त्यांनी सातवा राउंड बघून सांगा.


लॅमिंग्टन_जुना

टाक. अकरानंतर बघतो, मुलगी झोपली की.


शिवाजीपार्क_मिड

मीपण बघतो. पाचव्याला सांग, लांबच्या सरावाला नुसता डेथमॅच पुरणार नाही. डस्ट२ मॅपवर लाँग ए या लांब वाटेवर एकच कोपरा धरून उभं राहायचं, आणि गोळी एकेक सोडायची, धडाधड नाही. मी रोज सकाळी साडेसातला असतो, हवं तर बरोबर येऊ दे.